मावशीला दाबाखालून काढू नये

मी, बंदरामागच्या रबरकामाच्या शेडची मालकीण, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्याच चष्म्यातून आणि दिवसाढवळ्या लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणेघेणे नसते असे वकीलबाईंनी सांगितले आहे. कोणी माझ्यावर दबाव आणलेला नाही. जन्मभर तशी कोणाची छाती झाली नाही, आता काय होणार. यापूर्वी एकदा रागाच्या भरात मी सगळी मिळकत मांजराच्या नावे लिहिली होती. तो कागद रद्द समजावा. मांजरही आता हयात नाही.

१. माझा धंदा घरच्यांना ठाऊक आहे, पण हा कागद उद्या कोणा परक्याच्या हाती पडला तर त्यालाही कळावा म्हणून लिहिते. भर समुद्रात एकाच जागी वर्षानुवर्षे नांगरून ठेवलेली मोठी जहाजे असतात. त्यांच्या पुढच्या भागात एक विहीर असते, विहिरीत खांब, आणि तो खांब साखळ्यांनी समुद्राच्या तळाशी बांधलेला. वारा फिरला की अख्खे जहाज त्या खांबाभोवती फिरते. त्यामुळे लाट तोंडावर येते, कुशीवर बसत नाही. हे फिरणे ज्या बेअरिंगवर चालते ते पोलादी कडे आमच्या दोन्ही खोल्यांत मावणार नाही एवढे असते.

आता जहाज दिसायला लोखंडी, पण लाटेवर तेही वाकते, पिळवटते. विहिरीचे तोंड गोल राहत नाही. कडे थेट जहाजाला जखडले तर तेही सोबत वाकणार आणि आतले रूळ अडकणार. म्हणून दोघांच्या मध्ये गाद्या बसवतात. एक थर रबर, एक पोलादी पत्रा, पुन्हा रबर, असे रचून प्रेसमध्ये शिजवून एकजीव केलेल्या. जहाजाने हवे तेवढे हलावे. गादी ते पोटात घालते आणि कडे गोलच्या गोल राहते. त्या गाद्या मी केल्या. बंदरात मला गादीवाली म्हणतात. सुरुवातीला चिडवायला म्हणत, नंतर मानाने म्हणू लागले, आणि मी दोन्ही वेळा ओ दिली.

२. राहते घर, त्यातल्या भांड्याकुंड्यांसह, माझ्या एकुलत्या एका लेकीला. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. जावयाने त्यावर कपाट सरकवून ठेवले आहे आणि त्याला वाटते मला कळले नाही. जावईबापू, कपाट हलवा आणि गवंड्याला बोलवा.

३. बँकेत आहे ते सगळे लेकीचेच. त्यातून आधी तिने एक चांगला जाड कोट घ्यावा. तिच्या नोकरीच्या जहाजावर वारा कसा असतो ते मला ती सांगत नाही, पण तिचे फुटलेले ओठ सांगतात.

४. शिलाई मशीन जाऊबाईंना, पायांखालच्या चार छोट्या गाद्यांसकट. दुपारी बाळ झोपलेले असताना शिवता यावे म्हणून त्या गाद्या मी केल्या होत्या. ते बाळ, म्हणजे माझी लेक, आता जहाजावर इंजिनिअर आहे, पण मशीनला सवय लागली आहे. गाद्या काढू नयेत.

५. कात्र्या, रबर कापायच्या सुऱ्या आणि माझा जाड हातमोजा (एकच, दुसरा प्रेसने खाल्ला) हे ज्याला वापरायचे असेल त्याने न्यावे. भिंतीवर शोभेला टांगायचे असेल तर नेऊ नये.

६. शेड लेकीला. शेजारचा वखारवाला तुझ्या गळ्यात पडायला येईल. तो गोड बोलेल. त्याने माझ्या दारासमोर लाकडाचे ढीग रचून उजेड अडवला, आणि मी बोलले तर म्हणाला, "काकू, रबराला कशाला हवाय उजेड?" त्याला शेड विकू नये. भाड्यानेही देऊ नये. मात्र त्याची आई चांगली बाई आहे, ती आली तर चहा द्यावा.

७. मावशी. हे कलम नीट वाचावे, कारण यात माझा जीव अडकला आहे.

जहाजासाठी गाद्या शिजवताना त्याच मालातून एक गादी जास्तीची करायची, ही आमच्या शेडची रीत. ती जहाजावर जात नाही. ती इथेच, कोपऱ्यातल्या लोखंडी चौकटीत, तिकडच्या गाद्यांवर जेवढा भार असतो तेवढ्याच भाराखाली ठेवायची. तिकडच्या जशा बसत जातात तशी ही बसत जाते. भर समुद्रात कड्याखाली हात घालून मोजता येत नाही, इथे चौकटीला लावलेली डायल वाचली की झाले. काटा लाल खुणेला टेकला तर लगेच जहाजावर कळवायचे. जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत तिला मोकळे करायचे नाही. आम्ही या जास्तीच्या गादीला बहीण म्हणायचो, म्हणून लेकीने लहानपणीच तिची मावशी केली.

बाकीची जहाजे निवृत्त झाली, त्यांच्या मावश्याही सुटल्या. आता एकच जहाज उरले आहे, आणि नेमके त्याच जहाजावर माझी लेक त्या कड्याची देखभाल करते. दर आठवड्याला तिचा फोन येतो. "आई, मावशी कशी आहे?" मी डायल वाचून सांगते. फोनजवळचे खलाशी बरीच वर्षे समजत होते की हिची कोणी मावशी अंथरुणाला खिळली आहे. त्यांच्या आचाऱ्याने तिच्यासाठी लोकरीची टोपी विणून पाठवली. ती टोपी चौकटीच्या टोकावर आहे, तिथेच राहू द्यावी.

मी गेल्यावर डायल कोण वाचणार, हा माझा घोर आहे. लेक समुद्रावर. जावयाचे हात सोन्याचे, पण फक्त स्वयंपाकघरात. त्याला मावशीची दया येईल आणि तो स्क्रू थोडा ढिला करील. एकदा ढिली झाली की ती फुगून वर येते आणि पुढे खोटेच सांगते. मग तिकडे लेकीच्या पायाखालच्या गाद्या बसल्या तरी इथे कोणाला कळणार नाही.

म्हणून चौकट, प्रेस आणि मावशी मी भावोजींना देते. जहाज परत येईपर्यंत नाही, कायमचे.

८. भावोजी म्हणजे माझे धाकटे दीर. शेडला लागूनच त्यांचे लेथ आहे. जहाजाचे कडे त्यांनी तासले आणि त्याखालच्या गाद्या मी केल्या, त्यामुळे लोखंड मोठे की रबर हे भांडण आमच्यात लग्नापासून चालू आहे. ते माझ्या मालाला खोडरबर म्हणतात. माझ्या गाद्यांचे पत्रे मात्र स्वतः तासून देतात, आरशासारखे, आणि दाराशी ठेवून जातात. दाराशीच. आत येत नाहीत.

का येत नाहीत ते मला माहीत आहे. भावोजी, मला पहिल्यापासून माहीत आहे.

हेच जहाज नवीन होते. आमचे हे तेव्हा जहाजांवर जोडणीचे काम करत, वर्षातले निम्मे दिवस समुद्रावर. भावोजीही हाताखाली होते. कडे गाद्यांवर बसवले आणि भावोजींनी सवयीप्रमाणे त्यावर तळवा ठेवला. स्वतः केलेल्या वस्तूवर तळवा ठेवायचा आणि ती जराही हलली की झोप उडवून घ्यायची, हा त्यांचा स्वभाव. कडे हलत होते. ते हलायलाच हवे होते. पण लोखंडाच्या माणसाला ते बघवेना. कोणाला न विचारता त्यांनी कडे आणि जहाज यांच्या मध्ये पोलादी पाचरी ठोकल्या आणि सगळे घट्ट करून टाकले.

पहिली मोठी लाट आली. जहाज वाकले, पाचरींमुळे कडेही वाकले, रूळ अडकले आणि जहाज वाऱ्याबरोबर फिरेना. लाटा कुशीवर बसू लागल्या. हे घण घेऊन खाली उतरले आणि एकेक पाचर ठोकून बाहेर काढली. कोणाला खरचटलेही नाही. चौकशीत साहेबांनी विचारले, पाचरी कोणी मारल्या? हे म्हणाले, "मी." त्या दिवसापासून यांना जहाजावर चढायला बंदी झाली.

घरी येऊन यांनी मला खरे सांगितले. मी भडकले. हे म्हणाले, "अगं, त्याचं लग्न ठरलंय. त्याला काढलं असतं तर पोरीकडच्यांनी नकार दिला असता. आणि मी घरी बसलो तर तुला एवढं वाईट वाटणार आहे का?"

भावोजी, आता खरे सांगते. मला वाईट वाटले नाही. मी रागावल्याचे नाटक काही दिवस केले, कारण तशी रीत असते. पण त्यानंतर माझा नवरा रोज दुपारी माझ्यासमोर बसून जेवला. आम्ही दोघांनी मिळून गाद्या केल्या. हे पत्रे रचायचे, मी रबर अंथरायची. लेकीने गरम गाद्यांवर पाट्या टेकवून अभ्यास केला. समुद्राने निम्मा घेतलेला माणूस तुमच्या पाचरींनी मला पुरता परत दिला. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, ते इथे मानते.

त्यातली एक पाचर हे खिशात घालून घरी घेऊन आले होते. ती शेडच्या दाराखाली सरकवून ठेवली. म्हणाले, "दार वाऱ्याने लागायला नको." तुम्ही इतकी वर्षे त्या पाचरीशेजारी उभे राहून माझ्याशी भांडलात आणि तिच्याकडे कधी बघितले नाहीत.

माझा राग पाचरींवर नाही, दारावर आहे. शेवटच्या आजारात यांना प्रेसची ऊब बरी वाटे, म्हणून खाट शेडमध्ये टाकली होती. तुम्ही रोज यायचात आणि दारात उभे राहायचात.

"ये ना आत," हे म्हणायचे.

"बूट मळलेत, दादा."

"कधी नव्हते?"

तुम्ही हसायचात आणि जायचात. त्यांना तुमच्याकडून कबुली नको होती, तुम्ही खाटेवर येऊन बसायला हवे होते. ते राहून गेले. मला त्याचे फार लागले आहे. आता प्रेस, चौकट आणि मावशी तुमची. दारातून डायल वाचता येत नाही, हे तुमच्या लक्षात येईलच.

९. माझ्यामागे कोणी माझे गुण गाऊ नयेत. दोषही नकोत, ते मी वर लिहिले आहेत, आणि बहुतेक दुसऱ्यांचेच लिहिले आहेत.

पुरवणी, सह्यांच्या वेळी लिहिलेली:

सह्यांसाठी सगळे शेडमध्ये जमले. साक्षीदार म्हणून डॉक्टर आणि भावोजी ठरले होते. भावोजी अर्थातच दारात उभे राहिले. "न वाचता मी सही करत नाही," म्हणाले, म्हणून वकीलबाईंनी कागद दारात नेऊन दिला. त्यांनी उभ्याने वाचला. आठवे कलम वाचायला त्यांना वेळ लागला. मग ते खाली, पाचरीकडे बघत राहिले.

"वहिनी, तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"ते घरी आले त्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले."

वकीलबाई मध्ये पडल्या. "काका, एक अडचण आहे. तुम्ही साक्षीदार म्हणून सही केलीत तर सातव्या कलमातलं तुम्हाला काही मिळणार नाही. तुमच्या बायकोचं मशीनसुद्धा जाईल. सही तरी करा, नाहीतर घ्या तरी."

मला हे माहीत होते. मी मुद्दामच त्यांना साक्षीदार म्हणून बोलावले होते. सही करून ते सुखाने घरी जाऊ शकत होते, आणि मी त्यांना शब्दाने अडवणार नव्हते.

भावोजींनी पेनाला टोपण लावले. "बायकोचं मशीन गेलं तर ती मला घरात घेणार नाही," म्हणाले. "सही दुसऱ्या कुणाची घ्या."

मग त्यांनी खाली वाकून बूट काढले, पाचरीशेजारी नीट लावून ठेवले आणि नुसत्या मोज्यांवर आत आले. यांची खाट असायची त्या जागेवर क्षणभर थांबले. मग कोपऱ्यात गेले, डायल वाचली आणि मावशीवर तळवा ठेवला.

"हलते हो ही, वहिनी."

"हलायलाच हवी."

"बरं," भावोजी म्हणाले. "हलू दे."

हे सर्व मी वाचून, समजून, डोळे पुसून सही करत आहे. डोळे पुसले म्हणून शुद्धीबद्दल कोणी शंका घेऊ नये.

सही : गादीवाली

साक्षीदार पहिले : डॉक्टर. नाडी बघून सही केली.

साक्षीदार दुसरे : भावोजी (खोडले. कारण : लाभार्थी.)

त्यांच्या जागी : समोरचा चहावाला. कप ठेवून, हात पुसून सही केली.

स्थळ : रबरकामाची शेड, मावशीसमोर. दार उघडे.

दिनांक : ९ मार्च, सकाळी