डॅडींच्या बंदुकीला कुणी हात लावला?

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वेंडेलच्या मनात काहीतरी शिजतंय. नक्की!

शिकारीच्या केबिनवर पोचतो न पोचतो तोच त्याने डॅडींच्या हातातून त्यांची ठासणीची बंदूक काढून घेतली. "द्या इकडे, मी पुसतो." आजवर त्या बंदुकीला डॅडींनी कुणाला बोट लावू दिलं नव्हतं. आज मुकाट्याने दिली! मी कॉर्नब्रेडचं पीठ कालवत होते. बाहेर ओसरीत दोघांची कुजबुज. मी डोकावले तर दोघंही गप्प. "काही नाही गं व्हर्ना, हवेचं बोलत होतो." हवेचं कुणी कुजबुजत बोलतं?

याला काय हवंय ते मला ठाऊक आहे. कड्यावरच्या ओकच्या झाडाखालची डॅडींची शिकारीला बसायची जागा! पन्नाशीला आला तरी माझ्या या धाकट्या भावाचा डोळा तिथेच. गेल्या महिन्यात म्हणालाच होता, "म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा झाला. किती दिवस जंगलात न्यायचं?" दोन वर्षं डॅडी हरणाशिवाय परत आलेत. यंदाही तसंच झालं तर स्वतःच म्हणतील, बास. आणि शिकार सुटली की डॅडी संपलेच. मला भीती वाटते.

यंदा त्यांना हरीण मिळायलाच हवं.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळी मी डॅडींच्या शेजारी बसले. हरणी आली — दगड मारला तरी लागावा इतकी जवळ! ते ढिम्म. मीच कोपराने ढोसलं. त्यांनी घोडा ओढला — फट्! नुसती घोड्याखालची केप फुटली, बार उडालाच नाही. हरणी पसार.

आणि डॅडी शांत. "दारू सर्दावली असेल." माझ्या डॅडींची दारू? भर पावसात ज्यांचा बार कधी फुकट गेला नाही, त्यांची?

जेवताना वेंडेल फारच खुशीत. आमच्याकडे नेम चुकला की शर्टाचं शेपूट कापून भिंतीला ठोकतात. याची स्वतःची तीन लटकताहेत. "बारच उडाला नाही, म्हणजे नेम चुकला नाही! म्हाताऱ्याचा शर्ट वाचला!" डॅडीही हसले. मी त्याच्या ताटात बीन्स आदळले. "तुला बरं वाटतंय ना?"

"व्हर्ना, तू यात पडू नकोस."

यात म्हणजे कशात?

दुपारी —

वेंडेलने मारलेली हरणी सोलायला दोघं ओढ्यावर गेलेत. बंदूक पुन्हा भरून ठेवलीय असं डॅडी म्हणाले होते. मी नळीत गज सोडून पाहिला. बंदूक भरलेली असली की गजावरची खूण नळीच्या तोंडाशी यायला हवी. ती बोटभर आत गेली! म्हणजे गोळी आहे, खाली दारू नाही.

दारू घालायचीच राहून जाते, नवख्यांची. डॅडींची? एकाच दिवसात दोनदा? आणि बंदूक सारखी कुणाच्या हातात होती? लाज नाही वाटत मेल्याला! बापाचा असा पचका करायचा!

विचारलं तर हसण्यावारी नेईल. मी काही बोलणार नाही. गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. बेताची दारू ओतली, गोळी पुन्हा ठासली. खूण बरोबर तोंडाशी आली. आता बघू!

रविवार, १९ ऑक्टोबर

वेंडेलच्या मांडीत गोळी घुसली. हॉस्पिटलमध्ये आहे. खूप रक्त गेलंय.

डॅडींना न्याहारीला बोलवायला कड्यावर गेला होता. शीळ नाही, हाक नाही, सरळ त्यांच्या समोरून चढला! अंगात नारिंगी जाकीट, शिकाऱ्याने शिकाऱ्याला लांबून ओळखावं म्हणून घालतात ते. डॅडींना हरीण वाटलं. नारिंगी हरीण?

मी केबिनमध्ये बिस्किटं भाजत होते. बार ऐकला आणि आनंदाने टाळी वाजवली मी.

सोमवार, २० ऑक्टोबर

वेंडेल वाचला. पाय राहील का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

हॉस्पिटलच्या बाकावर डॅडी माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोन वर्षं झाली पोरी, मला समोरचं नीट दिसत नाही. म्हणून मी दारू घालतच नाही, हरीण वाटलं की नुसता घोडा ओढतो. वेंडेलला ठाऊक होतं. तो बिनधास्त समोरून यायचा. तुला सांगितलं असतं तर तू मला येऊच दिलं नसतंस. बंदूक घेऊन तुमच्यात बसायचं, एवढंच हवं होतं मला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पण मग दारू घातली कुणी?"

मी म्हटलं, "वेंडेलनेच घातली असेल."