राखणदाराला सांगायची नावे

प्रिय सर्वेश,

सड्यावरच्या कातळात कोरलेल्या बाहुल्यांपाशी काल दरवर्षीचे गाऱ्हाणे झाले; सगळ्यांच्या वतीने राखणदाराला साकडे मी घातले. तिथला राखणदार रात्री काठी आपटत फिरतो आणि आपण ज्यांची नावे सांगतो त्यांना मुंबईतही सांभाळतो, असे गाव मानते. तू फोनवर म्हणालास, "दादा, त्या भुताक माझा नाव सांगू नको." म्हणून मी ते गाळले.

आईने विचारले, "धाकट्याचा नाव खंय गेला?"

"त्याका नको आसा."

"त्याका इचारता कोण?" म्हणत ती पुढे झाली. बायका गाऱ्हाणे घालत नाहीत, तरी कोणी अडवले नाही. तिने तुझे नाव घेतले आणि सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

हे पत्र पाठवणार नाही. तू तिच्याशी भांडशील.

तुझा दादा,
गुरुदास