कोळंबीचं श्रावणातलं बिऱ्हाड

रविवार, १३ जुलै

टाकीतल्या कोळंब्यांची आजची मोजणी — अकरा. काल बारा होत्या. बारावी शेवाळाच्या मागे सापडली, पांढरी पडलेली. चिमट्याने काढली. पाणी अर्धं बदललं. तापमान २९. पुन्हा बघितलं — २९.

दुपारी अनिशभाईच्या मत्स्यालयाच्या दुकानात गेलो. त्याला घरोघरी आणि ऑफिसांतून टाक्या सांभाळणारा माणूस हवा आहे. मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, "विकत आणून कोण पण ठेवतो रे मयूर. पैदास करून दाखव. तुझ्या टाकीत जन्मलेली वीस पिल्लं. ऑगस्ट संपायच्या आत मी स्वतः येऊन बघणार. वीस असली तर एक तारखेपासून कामाला ये."

रे रोडच्या गोदामात खोकी चिकटवायचं काम मला सोडायचं आहे. दहावीनंतर आयटीआय धरलं, सुटलं. मोबाइल दुरुस्ती धरली, सुटली. एसीचं काम सुटलं. टाकीला पाच महिने झाले. एवढा वेळ मी कशातच टिकलेलो नाही.

शुक्रवार, १८ जुलै

सर्वांत मोठ्या लाल मादीच्या पोटाखाली अंडी! पिवळट, मोहरीएवढी. पायांनी सारखी वारा घालते आहे. भिंगातून मोजायचा प्रयत्न केला. एकवीस की चोवीस, नक्की नाही. ती हलते.

पाणी बदललं. निरोगी राहावं म्हणून.

शनिवार, १९ जुलै

एकोणीसच असतील. पाच पडली का? आणखी थोडं पाणी बदललं. शेवाळ उचलून खाली बघितलं, पडलेली दिसली नाहीत.

सोमवार, २१ जुलै

आई आज टाकीपुढे बराच वेळ उभी होती. मला वाटलं, आवड निर्माण झाली.

"शुक्रवारपासून श्रावण," ती म्हणाली. "ही करंदी घरातच रवतली?"

मी म्हटलं, आई, ही खायची नाही. हिला श्रिंप म्हणतात.

"इंग्लिशीत बोललास म्हणून काय ती भेंडी झाली? एक म्हयनो खयतरी ठेव."

अण्णा पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी पान उलटलं.

आईचं म्हणणं असं — श्रावणात आमच्या घरात मासळी येत नाही. शिजवलेली, कच्ची, सुकी, कुठलीच. जिवंत म्हणजे कच्चीच. मी खूप विचार केला. मुद्दा खोडता येत नाही.

मंगळवार, २२ जुलै

कुठे ठेवायची? चाळीतल्या आमच्या माळ्यावरच्या प्रत्येक खोलीचा विचार केला. राणे — श्रावण. परब — श्रावण. सावंत — श्रावण पाळत नाहीत, पण मांजर पाळतात. कोपऱ्यातल्या जिममध्ये विचारलं. तिथला माणूस म्हणाला, यात प्रोटीन किती असतं?

गोदामात माझ्यासोबत खोकी चिकटवणाऱ्या सम्यकला सांगितलं. तो इतका हसला की टेपचा रोल हातातून पडला. "अरे, तुझ्या आईने कोळंबीला तडीपार केलं!" मग म्हणाला, आमच्याकडे आण. पलीकडच्याच चाळीत आहे. पण मम्मीला विचारावं लागेल, आमच्याकडे पण वर्षावास चालू आहे, तीन महिने मटण-मासे बंद.

म्हणजे तिथेही तेच.

बुधवार, २३ जुलै

उद्या अमावास्या, पण गुरुवार, म्हणून गटारी आजच. घरात कोळंबीचं कालवण. मी टाकीला चारी बाजूंनी टॉवेल गुंडाळला. मामा म्हणाला, "काय रे, त्यांच्या नातेवाइकाला आम्ही खातोय म्हणून?" सगळे हसले. मी वरणभात खाल्ला.

सम्यकच्या आईला, माया मावशीला, भेटून आलो. तिने एकच प्रश्न विचारला — "खाणार आहेस का?" नाही म्हटलं. "मग ती मासळी कुठे झाली? पाहुणी झाली. घेऊन ये."

तोच प्राणी. गल्लीच्या अलीकडे मासळी, पलीकडे पाहुणी.

गुरुवार, २४ जुलै

टाकी हलवली. एक तृतीयांश पाणी ठेवलं, बाकीचं दोन बादल्यांत. फळीवर टाकी, वरून ओढणी, पुढे सम्यक, मागे मी. गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "यंदा लवकर आणला?" लगेच दोन मुलं मोरया म्हणायला लागली. एका बाईंनी चपला काढून नमस्कार केला. आम्ही तसेच पुढे निघालो. हात भरलेले होते, आणि अंडीवाली पोटाखालची अंडी धरून बसली होती.

सगळ्या अकरा पोचल्या.

मावशी तीस वर्षं इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. मी सतरा सूचनांचा कागद लिहून नेला होता — अगरबत्ती लांब लावावी, तांब्याच्या कळशीतलं पाणी घालू नये (तांबं कोळंबीला विष), टाकीत हात घालण्याआधी साबण पूर्ण धुवावा, असं. तिने चष्मा लावून सगळा वाचला.

"अक्षर छान आहे," ती म्हणाली. "दिवसातून कितीदा हात घालतोस आत?"

पाच-सहादा, म्हटलं.

"बाळंतिणीला सारखं उघडून बघत नाहीत."

तिने पेन घेऊन सोळा सूचना खोडल्या. तांब्याची ठेवली. मला यायची वेळ दिली — संध्याकाळी सात. तेव्हा तिच्याकडे वर्षावासाचं ग्रंथवाचन असतं, आठपर्यंत. ते झाल्यावर दहा मिनिटं टाकी बघायची. हात न घालता.

शनिवार, २६ जुलै

वाचनाला आठ-नऊ बायका येतात. टाकी त्यांच्या मागे, कपाटावर. तासभर मला फक्त पाण्यातला दिवा दिसतो. मध्येच एक लाल ठिपका वर गेला. का गेला? प्राणवायू कमी? उठणार होतो. मावशीने नुसतं बघितलं.

मंगळवार, २९ जुलै

वाचणाऱ्या राधाबाईंचा घसा बसला. मावशीने ग्रंथ माझ्या हातात दिला. "तू वाच. तुझं शुद्ध आहे."

मी म्हटलं, मी तुमच्यातला नाही.

राधाबाई खोकत म्हणाल्या, "वाचता येतं ना? मग झालं."

वाचलं. दोन्ही हात ग्रंथाला लागतात, तो जड आहे. तासभर टाकीचा विचार आला नाही. घरी आल्यावर हे लक्षात आलं आणि घाबरलो.

शुक्रवार, १ ऑगस्ट

अकरा. आठवडाभर एकही मेली नाही. पाणी बदललेलं नाही. कारण कळत नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट

संकट. काचेवर पांढरे चपटे किडे. बाणासारखं डोकं, दोन डोळे. हे नवजात पिल्लं खातात! मोजले — चौदा, दिसणारे. अंड्यांत आता डोळ्यांचे काळे ठिपके दिसतात. म्हणजे आठवडा, फार तर दहा दिवस.

अनिशभाईला फोन केला. म्हणाला, कुत्र्याच्या जंताचं औषध चिमूटभर टाक, दोन दिवसांत साफ.

मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "नाही."

"मावशी, ते पिल्लं खातील."

"खातील तर काढ त्यांना. पण इथे मारायचं नाही. पहिलं शीलच ते आहे, आणि तूच काल वाचलंस."

खरं आहे. मीच वाचलं होतं. स्पष्ट उच्चारांत.

सम्यक म्हणाला, "मम्मी, झुरळाला तू चप्पल मारतेस."

"वर्षावासात नाही मारत. हाकलते."

बुधवार, ६ ऑगस्ट

औषधाच्या छोट्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडलं, आत उकडलेल्या अंड्याचा बलक ठेवला. मावशीने स्वतः दोऱ्याने पाण्यात सोडली. तासाभरात आत नऊ किडे. जिवंत बाहेर आले. आता ठेवायचे कुठे? मोरीत ओतले तर मरतील, ते मावशीला चालणार नाही. तिच्याकडे ठेवले आणि सांडले तर परत टाकीत.

मुरांब्याच्या बरणीत घालून घरी आणले.

आईने बरणी उजेडात धरली. "ह्यां काय?"

"किडे."

"खावचे?"

"नाही."

"मग रवांदेत," म्हणाली, आणि बरणी तुळशीच्या कुंडीमागे ठेवली. सावलीत.

म्हणजे आता कोळंबी मावशीकडे आणि तिला खाणारे आमच्याकडे. दोन्ही घरांचे नियम पाळले गेले. एकच मी आहे, जो दोन्हीकडे जातो आणि कुठेच हात घालत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

बरणीत एकूण एकतीस. आई त्यांना बलक देते. श्रावणात अंडं चालतं का, विचारलं. "मी खातंय काय?" म्हणाली.

मंगळवार, १२ ऑगस्ट

मादीच्या पोटाखाली काही नाही.

एकही अंडं नाही. पिल्लूही दिसत नाही. दहा मिनिटं संपली. मी आणखी दहा मागितली, मावशीने दिली नाहीत. "आज नको. जा."

जेवलो नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

आज वाचताना एक ओळ दोनदा वाचली.

शेवाळात काही हललं, असं मावशीचं म्हणणं. मला दिसलं नाही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

दिसली! काचेच्या खालच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणीच्या अर्ध्याएवढी, आरपार दिसणारी, पण आकार पुरता कोळंबीचा. एक. मग तीन. मग सहा. राधाबाईंनी भिंग मागितलं. मग ते भिंग मला परत मिळालं नाही. सगळ्या बायका रांगेने बघून गेल्या. "ह्याला मिशा आहेत गं." सम्यकने स्वतःहून पंखा मंद केला.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दुसऱ्या एका मादीचीही फुटली. ती अंडी धरून होती, हे मला माहीतच नव्हतं. मावशीला माहीत होतं. मला का नाही सांगितलं, विचारलं. "तू मोजायला बसला असतास."

आज चौतीस. मी मोजली नाहीत, मावशीने सांगितलं.

शनिवार, २३ ऑगस्ट

श्रावण संपला. टाकी आणू का, आईला विचारलं. "बुधवारी गणपती. चार दिवसांसाठी बिऱ्हाड हलवू नको." बरणी मात्र असू दे म्हणाली.

अनिशभाई उद्या येतो म्हणाला. मावशीचाच पत्ता दिला.

रविवार, २४ ऑगस्ट

अनिशभाई अकराला आला. बूट दाराबाहेर काढले, टाकीपुढे उकिडवा बसला. मी सांगायला लागलो — तापमान २८, पाणी स्थिर, किडे जिवंत पकडले. तो म्हणाला, "थांब रे जरा."

मग मावशीला विचारलं, "पाणी कितीदा बदलता?"

"आटलं तेवढं घालते."

"खायला?"

"एक दिवसाआड पालकाचं पान. राहिलं तर काढते."

"बाकी काय करता?"

"काही नाही. बघते."

तो हसला. चहा घेतला. माझी पाठ थोपटली, चांगलं झालं म्हणाला, उद्या फोन करतो. रात्रभर झोप लागणार नाही. पिल्लं वीस हवी होती, चाळीस आहेत!

सोमवार, २५ ऑगस्ट

फोन आला, पण मावशीला. एक तारखेपासून लोअर परळच्या सहा ऑफिसांतल्या टाक्या ती बघणार. सातच्या आत घरी सोडायचं, हे तिने आधीच कबूल करून घेतलं. बादल्या उचलायला हाताखाली एक माणूस लागेल, असंही त्याला सांगितलं. मी संध्याकाळी स्वच्छ अक्षरात अर्ज लिहून तिला नेऊन दिला. विचार करून सांगते म्हणाली.