धोंड्याच्या ताटात पूटीन

मॉन्ट्रियल, ८ फेब्रुवारी २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी अट मान्य. तू पोस्टात आयुष्य काढलंस म्हणून मी कागदावरच लिहायचं आणि फॅमिली ग्रुपवर काही टाकायचं नाही, कारण तिथे टाकलेलं आईच्या आधी रवीकाकाच्या सासरी पोचतं. इथला बर्फ पाहुणा म्हणून येतो आणि वैशाख उजाडला तरी निघायचं नाव काढत नाही. एरवी बरं आहे.

मी इथे खाते काय, असं तू विचारलंस. ऐक. इथल्या फ्रेंच लोकांचं पूटीन नावाचं एक प्रकरण आहे. बटाट्याच्या जाड फोडी तळायच्या, त्यांवर ताज्या चीजचे पांढरे गोळे टाकायचे आणि वरून कढत, तपकिरी रस्सा ओतायचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी खरकटं ताट भिजत घातलंय.

पण लग्नाच्या दिवशी अण्णांनी फोन आपटला ना, तेव्हा मी साडीवर जाड कोट घालून भर रस्त्यात रडत उभी होते. ल्यूकला मराठीतून समजूत घालता येत नाही. त्यानं मला एका टपरीत नेलं, एक बशी मागवली आणि दोन काटे. गरम, खारट घास तोंडात गेला आणि ते चीज दातांखाली चक्क चीं करून वाजलं, ओल्या चपलेसारखं. रडता रडता मी हसले. वाजलं तरच ते ताजं, असं इथे मानतात. आणि बशी एकच मागवायची, काटे जितकी माणसं तितके. तेव्हापासून घरची आठवण आली की आम्ही तेच खातो. फार वेळा खातो, कोटाची बटणं लागेनाशी झालीत.

चार महिने झाले, अण्णा बोलत नाहीत. आई सांगत होती, ल्यूकचं नावही घेत नाहीत, तो बर्फवाला म्हणतात. बर्फावर खेळायच्या मैदानांची यंत्रं दुरुस्त करणं ही चांगली नोकरी आहे, हे तू तरी त्यांना सांग. तुझं ते ऐकतात, निदान ऐकल्यासारखं करतात.

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, त्यातला थोडा अण्णांकडे ओत.
तुझी,
आरोही

जेल रोड, नाशिक रोड, १० मार्च २०२६

चि. आरोहीस,
अनेक आशीर्वाद. त्यातले निम्मे ल्यूकला दे.

तुझं पत्र वाचलं आणि मला भूक लागली. बटाट्यावर रस्सा ओतणाऱ्यांच्या देशात माझी भाची उपाशी मरायची नाही, एवढी खात्री पटली.

सोमनाथला, म्हणजे तुझ्या अण्णांना, सांगून पाहिलं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान, शेंबूड मी पुसलाय त्याचा, पण मखमलाबादला गेलं की समोर असा बसतो जणू कोर्ट भरलंय. म्हणाला, बर्फाच्या देशात बर्फ तयार करणाऱ्याला मुलगी कोण देतो? मी म्हटलं, तू दिलीसच कुठे, तिची ती गेली. झालं, ताटावरून उठला. अर्थात भाकरी संपवून मग उठला.

आता खरी गोष्ट. यंदा ज्येष्ठ अधिक आला आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं. तुझ्या आईचा, भाग्यश्रीचा, हा पहिला जावई. तिनं अनारशांचे तांदूळ कधी भिजवायचे तेसुद्धा ठरवलंय. पण वाण द्यायचं ते नवराबायकोनं जोडीनं, आणि सोमनाथचं म्हणणं असं की लग्न मी पाहिलं नाही, तेव्हा मला जावई नाही. तुझी आई डोळे पुसते आणि तांदूळ निवडते. मला ते बघवत नाही गं.

म्हणून तुम्ही दोघं या. बाकी मी बघते. परक्या मुलखात आलेल्या पोराला त्याच्या घरचं मिळायला हवं, तेव्हा ते पूटीन मी करणार. कृती पाठव.

लोभ आहे, तो काही सांगून वाढत नाही.
तुझी आत्या,
प्रतिभा

मॉन्ट्रियल, १८ एप्रिल २०२६

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला येता येत नाही. माझा इथे राहायचा परवाना नव्यानं व्हायचाय, तोवर बाहेर पडले तर परत घ्यायचे नाहीत. हे ऐकून ल्यूक म्हणाला, जेवण जावयाचं आहे ना, मग जावई जातो. तिकीट काढून मोकळा. त्याला नमस्कार आणि बास एवढे दोनच शब्द येतात. बास मी मुद्दाम शिकवलाय, तुम्ही वाढता म्हणून.

पूटीनचा नाद सोड. रस्सा मांसाच्या अर्काचा असतो, अधिक महिन्यात आई तो ओट्यालासुद्धा लागू द्यायची नाही. आणि चीज म्हणजे पनीर नव्हे. पनीर दातांखाली गप्प बसतं. त्याला रेनेट लागतं, दूध घट्ट करायचं औषध. शाकाहारी मिळतं म्हणे, पण तू कुठे त्या भानगडीत पडतेस.

मला पूटीन नकोच आहे गं. अण्णा त्याच्याशेजारी बसायला हवेत. त्यांनी त्याला दारातून परत पाठवला तर मी पुन्हा त्या घरात कुठल्या तोंडानं येऊ?

तुझा लोभ नेहमी जरा अतीच असतो, या वेळी बेतानं घे.
घाबरलेली,
आरोही

जेल रोड, २६ मे २०२६

चि. आरोहीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला फक्त जेवण झालं एवढंच सांगितलं, कारण बाकीचं पत्रात लिहायच्या लायकीचं होतं.

रेनेट मी मागवलं. हिरवा ठिपका चष्मा लावून दोनदा पाहिला. गोटीराम गवळ्याच्या दुधाचा आधी खरवस झाला, मग खडू झाला, आणि मग एकदाचं वाजलं. मी फ्लॅटमध्ये एकटीच चीं चीं करत बसले होते, तर खालच्या कुसाबाईंनी विचारलं, नवी कवळी बसवली का.

रश्श्याचं तर तुला सुचायला हवं होतं. धोंड्यांना पुरण आलं, पुरणाचा कट आला, कटाची आमटी आली. तपकिरी आणि कढत. तिखट बेतानं घाल असं भाग्यश्रीला चारदा सांगितलं, तरी तिनं काळा मसाला नेहमीसारखाच घातला.

मखमलाबादला ल्यूकला पाटावर बसवलं, गुडघे कानाला लागले बिचाऱ्याचे. सोमनाथ ओसरीवर पाठ करून टोमॅटो निवडत होता. बाजार दुसऱ्या दिवशी होता, पण असो. ताटात धोंडे वाढले, शेजारी पूटीनची बशी ठेवली. ल्यूकनं बशीकडे बघितलं, इकडेतिकडे बघितलं आणि घास न घेता पाटावरून उठला.

वाढल्या ताटावरून जावई उठला म्हणजे रुसला, आणि रुसला म्हणजे काहीतरी हवं असणार. रवीनं लगेच स्वतःच्या बोटातली अंगठी ओढायला घेतली. ती निघेना म्हणून साबण मागितला. तोवर ल्यूकनं मांडणीवरून दुसरा चमचा उचलला, बशी घेतली, ओसरीवर जाऊन सोमनाथशेजारी फरशीवर बसला. पालथ्या क्रेटवर बशी ठेवली, चमचा त्याच्यापुढे धरला आणि नमस्कार म्हणाला.

सोमनाथ मान वर करेना. ल्यूक खाईना. फोडी भिजत चालल्या. अन्नाची नासाडी तुझ्या बापाला बघवत नाही, हे त्या पोराला तू सांगितलं होतंस की देवानं, कोण जाणे. शेवटी सोमनाथ म्हणाला, बटाटा शिजलाय का तेवढं बघतो, आणि एक घास घेतला.

आणि वाजलं गं! सगळ्या ओसरीला ऐकू गेलं. सोमनाथचा चेहरा असा झाला, जणू भर कीर्तनात त्याच्याकडूनच काही आगळीक झाली. ल्यूक हसला. सोमनाथनं मिश्या आवळून धरल्या, पण पोट हलायला लागलं, मग तोही हसला.

मग ल्यूकनं घास घेतला आणि काळा मसाला त्याला भेटला. कान लाल, डोळ्यांतून धारा, आणि बास बास. सोमनाथ ताडकन उठला, स्वतः दह्याची वाटी घेऊन धावला आणि भाग्यश्रीवर खेकसला की, माझ्या जावयाला मारायचं ठरवलंय का तुम्ही बायकांनी.

माझ्या जावयाला, असं म्हणाला. भाग्यश्री ऐकून तिथेच उभी राहिली. मग पदर खोचून अनारशांचं ताट घेऊन आली आणि सोमनाथच्या हाताशी धरलं. त्यानं हात लावला, वाण जोडीनं दिलं. मी इतकी रडले की कुसाबाईंना सांगायची सोय नाही. रवीची अंगठी अजून निघाली नाही.

लोभ आता तिथूनही इकडे येऊ दे, इथला बराच खर्च झालाय.
तुझी आत्या,
प्रतिभा

मखमलाबाद, ७ जून २०२६

चि. आरोहीस आशीर्वाद.
जावईबापूंना नमस्कार.

पत्र लिहायची मला सवय नाही. ताई समोर बसली आहे, पण हे शब्द माझे आहेत.

मी हसलो असं तिनं कळवलं असेल. थोडा हसलो. बटाटा आतून कच्चा होता, हे मात्र तिनं कळवलं नसणार. दोनदा तळावा लागतो, जावईबापूंनी जायच्या आधी हातवारे करून दाखवलं. माणूस कामाचा आहे. पंप पण दुरुस्त करून गेला.

तिखट आम्ही कमी केलं आहे. तुझी आई म्हणते, आमटीला चव राहिली नाही, पण करते. ताईनं काटे आणून दिले. काल संध्याकाळी पुन्हा केलं होतं. बशी एकच, ओसरीवर. जेवायला आम्ही दोघंच होतो, पण तुझ्या आईनं काटे चार ठेवले आणि मी उचलू दिले नाहीत.

परवाना झाला की या. लोभ होताच, आता लिहून कळवतो आहे.

तुझा अण्णा