पाच दिव्यांची बैठक

४ मार्च, सोमवार
ताई, शाळेत निबंधाला बक्षिसे मिळाली एवढ्या भांडवलावर मी रोजनिशी लिहावी आणि पुढे ती तुला वाचायला लावावी, हा आगाऊपणाच. क्षमा असावी. परंतु नोकरी फार आवडली! आम्ही पाच जण पाणीपुरवठ्याचे आराखडे करतो. ज्येष्ठ आरेखक तात्या मला ‘पुस्तकी किडा’ म्हणतात. बैठकीत मात्र सारे एकदम बोलतात आणि मी खुर्चीत मिटून बसते.

१५ मार्च, शुक्रवार
आमच्या प्रमुख बाईंनी बैठकांसाठी सॉफ्टवेअर आणले आहे. प्रत्येकापुढे एक दिवा. कोण किती बोलले ते सॉफ्टवेअर मोजते. दिवा हिरवा झाला की बोलायचे, लाल झाला की थांबायचे. आज माझा दिवा हिरवा झाला आणि सर्वांनी माझे ऐकून घेतले. नळाच्या व्यासाविषयीची माझी शंका रास्त ठरली. तात्या म्हणाले, बोलणाऱ्याची बोरे विकतात हे ठाऊक होते, आज तुझे गहूही खपले गं पोरी!

८ एप्रिल, सोमवार
बैठका वेळेवर संपतात. कुणी कुणाचे वाक्य तोडत नाही. तात्यांचे विनोद तेवढे अर्ध्यावर राहतात; दिवा लाल होताच ते ओठ मिटतात. चिडतील असे वाटले होते. चिडले नाहीत.

२ मे, गुरुवार
जेवणाच्या टेबलावर दिवे नाहीत. तरीही आज कुणी आधी बोलेना. बाईंना मीठ हवे होते. त्या मिठाकडे नुसत्या पाहत राहिल्या.

२० मे, सोमवार
दिवे दुरुस्तीला गेले आहेत. बैठक झाली. तासभर पाचही जण गप्प. मला सांगायचे होते, पण आवाज—

४ जून, मंगळवार
दिवे परत आले आहेत. बैठक चालू आहे. टेबलाखाली फोनवर लिहिते.
तात्यांचा हात छातीवर. सदरा घामाने चिंब. दिवा लाल. ओठ हलतात, शब्द नाही.
बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर. उठत नाहीत. कुणीच—
ओरडायला तोंड उघडले. माझाही दिवा लाल.
ताई, बोलता येत नाही. रुग्णवाहिका पाठव. कार्यालयात, तिसरा मजला—
तात्या टेबलावर कोसळले.
त्यांचा दिवा हिरवा झाला. आम्ही सारे त्यांच्याकडे वळलो आहोत, ऐकतो आहोत. ते काहीच—

पाठविले : मंगळवार, ४ जून, दुपारी ३ वाजून २२ मिनिटे.