धवल्यामागची बाई

४ जाने., रवि.
नवे स्पीकर आले. कसाऱ्याच्या वसंताच्या नादाने. म्हणे, "जुन्या डब्यावर काय ऐकतोस रे? निम्मंच गाणं ऐकलंस आयुष्यभर."
पहिली लावली ती आमच्या लग्नाची कॅसेट. मुरबाडला बायकोच्या, सु.च्या मांडवात धवलारीण लग्नाचा धवला गात होती, तेव्हा मेहुण्याने भरलेली. दर रविवारी लावतो, पाठ आहे. आज धवल्याच्या मागे कोणी बाई बोलली. "माझ्या मनात नव्हतं गो..." पुढचं पुसट.
सु.ला हाक मारली नाही.

७ जाने., बुध.
परत परत लावली. आवाज बायकोचाच. किंवा तिच्या एखाद्या मैत्रिणीचा. पण मनात काय नव्हतं? लग्न, की मी?
सु. भाकऱ्या थापत होती. फार गप्प. नेहमीच असते, की आजच?

१२ जाने., सोम.
वसंताला मोघम सांगितलं, एक शब्द लागत नाही. "डेकचं हेड झिजलं तुझ्या. नवा घे, मुंगी चाललेलीपण ऐकू येईल."
घेतला. आता भांडी ऐकू येतात. कोणी नाक ओढलं, तेही. म्हणजे रडत होती तर.
धवल्याकडे लक्षच जात नाही हल्ली.

१५ जाने., गुरु.
सु.: "आता काय कमी हाय त्यात?"
म्हटलं, साफ नाही.
"जुन्यावर बरा लागायचा. तुमी संगती गुणगुणायचे तरी."
मुद्दाम जुन्याकडे वळवतेय? चोराच्या मनात चांदणं.

१८ जाने., रवि.
हेडफोन. "माझ्या मनात नव्हतं गो, पण..."
पण! आणि नेमकी तिथेच वाजंत्री सुरू. मेल्यांना दोन मिनिटं दम नव्हता.
वसंता म्हणतो, अँप्लिफायर बदल.

२५ जाने., रवि.
अँपचा खोका फाडत होतो. सु. हात पुसत समोर येऊन बसली.
"माझाच आवाज हाय ना त्यात?"
मी खोका खाली ठेवला.
"मधे नुसता पडदा, हितं रोज तेच वाजतंय, मला आत काय ऐकू येत नाय? स्पीकर आणलं, डेक आणला, कानाला लावायचं आणलं. मी हितंच बसलेली. मला एकदा इचारलं नाय तुमी."
"इचारू?"
"इचारा की. चा टाकून येते."
तेवढ्यात हे लिहितोय. मशिनींना विचारणं सोपं होतं. खोका अर्धा फाडलेला तसाच. आत कपबशा वाजल्या. येतेय.