विट्याच्या गाडीची डाळिंबी सीट

आई, विट्याच्या त्या लांबलचक अमेरिकन गाडीच्या सीटा तू शिवल्या होत्यास, आठवतं का? ती गाडी यंदा माझ्याकडे साताऱ्याला आली होती. तुझी शिवण मी माझ्या हातानं उसवली. दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर जाण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून मीच लिहायला बसले आहे.

मी तिसरी-चौथीत असेन. सांगलीत स्टँडमागच्या गल्लीत आपलं कुशनचं दुकान. आप्पा गेल्यापासून मशीनवर तूच बसतेस. ट्रॅक्टरच्या सीटा, रिक्षांचे हूड, कधी एखाद्या डॉक्टरांच्या गाडीची गादी. गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज येतो, आणि तो कानांना नाही, पायाखालच्या फरशीला आधी कळतो. मग वळणावरून ते लांब नाक पुढे येतं. दोनच दारं, आणि स्टेअरिंग उलट्या बाजूला, डावीकडे. गल्लीतली सगळी गॅरेजं कामं टाकून बाहेर आलेली. गाडीचे मालक विट्याचे, त्यांचं दक्षिणेत कुठल्याशा शहरात सोनं गाळायचं दुकान. तिकडच्या एका चहामळेवाल्याकडून त्यांनी ही गाडी घेतली आणि चालवत गावी आणली. सोबत त्यांची बायको, डोक्यावर पदर, गाडीतून उतरायलाही लाजत होती. काळ्या सीटा उन्हानं तडकलेल्या. पुरुषमाणसांचा वाद चाललेला, काळंच घाला, नाही तपकिरी घाला. तू वहाणा घालून बाहेर आलीस आणि सरळ त्या बाईंना विचारलंस, "तुमाला कंचा रंग आवडतो?" त्यांनी आत येऊन फळीवरच्या डाळिंबी रेक्झिनवर बोट ठेवलं. सगळे हसले. तू हसली नाहीस. डाळिंबीच घातलंस, कडेनं मलईच्या रंगाची गोट लावून.

त्यानंतर तू फार वर्षं राहिली नाहीस. मी बारावीत होते. मशीन मामाकडे गेलं, मी कॉलेज सोडून त्याच्याच दुकानात बसले, आणि पुढे लग्न होऊन साताऱ्याला आल्यावर हायवेलगत स्वतःचं दुकान टाकलं. आता पुण्या-कोल्हापूरचे हौशी लोक जुन्या गाड्या घेऊन येतात. त्यांना मूळ सीट जशी होती तशीच हवी असते. मला ते जमतं. पण तुझ्या हातचं काही माझ्याकडे नव्हतं. ट्रॅक्टरची सीट उन्हापावसात चार वर्षं टिकते, रिक्षाचा हूड त्याहून कमी. तू आयुष्यभर जे शिवलंस ते लोकांनी वापरून संपवलं. तसं ते संपायलाच हवं होतं, पण मला एखादा तुकडा तरी हवा होता.

मालक वारल्यावर गाडी गावच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. नातू आता तिकडचं दुकान बघतो. पोरगा वाईट नाही. "मावशी, सडून जाण्यापेक्षा कुणी सांभाळणारा घेऊ दे," म्हणाला. घेणाऱ्यानं पुण्याहून एक जाणकार पाठवला होता. त्यानं गाडीभोवती फेरी मारली, खाली झोपून टॉर्च मारली, आणि उठला तो खूश होऊन. मी विचारलं, एवढं काय आहे हिच्यात? तेव्हा त्यानं बसून समजावलं. अशाच अंगाच्या गाड्या त्या वर्षी ढिगानं निघाल्या, पण बहुतेकांत साधं इंजिन. हे मोठं इंजिन फार थोड्यांत बसवलं गेलं. बाहेरून दोघी जुळ्या बहिणी दिसतात, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. त्यातही इंजिनावरचा नंबर आणि चासीवरचा नंबर जुळला पाहिजे, म्हणजे कारखान्यातून निघताना जे काळीज होतं तेच आत आहे असं ठरतं. आपल्याकडे पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी असली इंजिनं भंगारात घातली आणि डिझेलची बसवली. "तिथंच त्या गाड्या मेल्या," तो म्हणाला. "ही कशी वाचली देव जाणे." आणि शेवटचं त्यानं जरा हसून सांगितलं. ज्यांनी पोरवयात या गाड्यांची नुसती चित्रं पाहिली, ती माणसं आता म्हातारी आणि पैसेवाली झालीत. त्यांना तेव्हाची गाडी हवी असते, होती तश्शी. म्हणून नंतर घातलेलं सगळं काढायचं.

नंतर घातलेलं म्हणजे तुझं, आई.

मूळ नमुन्याचं काळं कापड परदेशातून आलं होतं. मी दोन दिवस दुसरीच कामं काढत बसले. मग दुकानातल्या कामाच्या पोरींना घरी पाठवून एकटीच उसवायला घेतलं. तू शिकवलं होतंस तसं, ब्लेड न लावता, सुईनं एकेक टाका उचलत. एकदा मी घाईनं ब्लेड मारलं होतं तेव्हा तू माझा हात धरून ठेवला होतास, मारलं नव्हतंस, नुसता धरून ठेवला होतास, आणि तो मार अजून दुखतो. टाके इतके सारखे की मला माझ्याच कामाची लाज वाटली. पण पुढच्या सीटचं कव्हर निघालं आणि मी चरकले. उजव्या बाजूला फोमचा एक जादा थर होता, चांगला दोन बोटं जाड, पुढच्या कडेला उतरता केलेला. डावी बाजू बरोबर, उजवी उंच. जाणकारानं पाहिलं आणि म्हणाला, "गावाकडं असंच करायचे, जो तुकडा हाती लागेल तो भरायचा." मी मान डोलावली. तुझी चूक मी पहिल्यांदाच बघत होते.

सीटा तयार झाल्या. काळ्या, घट्ट, कारखान्यातून आल्यासारख्या. गाडी न्यायच्या दिवशी नातू आजीला घेऊन आला, शेवटचं बघू दे म्हणून. गल्लीतल्या त्या लाजऱ्या बाई. आता पाठीतून वाकलेल्या, हातात काठी. काठी टेकत गाडीपर्यंत गेल्या आणि काचेतून आत वाकून पाहिलं.

"ही कुणाची रं?"

"आजी, आपलीच की."

"आपली न्हाई. आपली आतनं डाळिंबी हुती."

नातू मला खुणेनं म्हणाला, जाऊ द्या. पण त्या माझ्याकडे वळल्या. "तुमी सांगलीच्या कुशनवाल्या बाईंच्या काय गं लागता? कपाळ तसंच हाय."

"मुलगी."

"आन् त्या?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या, काठी मांडीवर आडवी घेतली. "मला न्हाई कुणी सांगितलं," म्हणाल्या, जणू तू परवाच गेलीस.

मग बोलायला लागल्या. रंगाची गोष्ट त्यांनीच सांगितली, मला तर नुसता आवाज आणि लांब नाक आठवत होतं. इंजिनाचंही त्यांनीच सांगितलं. "ह्यास्नी समदी म्हनायची, डिझेल घाला, डिझेल घाला. मी म्हनलं, नगं. दिवाळीला आन् जत्रंला हे यायचं. वड्याच्या वळणावर हिचा आवाज आला की मी चुलीवर तवा ठेवायची. डिझेल घातल्यावर टेम्पो आला का तुमी आला, मला कळायचं कसं?" जाणकार तिथंच उभा होता. पुढे येऊन त्यानं आजींसाठी गाडीचं दार उघडलं.

त्या उजव्या बाजूला, त्यांच्या नेहमीच्या जागी, बसल्या. मान उंच केली, पुन्हा सरकून बसल्या.

"मला फुडचं काय दिसंना झालं."

मला आधी वाटलं, नजर गेली असेल. मग त्याच म्हणाल्या, "तुमच्या आईनं मला हितं बसवून माप घेतलं हुतं. मी बुटकी. म्हनल्या, एवढ्या लांबनं येनार तुमी, रस्ता नगं का दिसाय? दोन बोटं भर घातली. मालकास्नी कळलं पन न्हाई. तवापास्नं ह्यांच्यासंगं तिकडं जाऊन येताना मी समदी वाट बघत आले, पार बेंगळूरपासनं."

मी गाडीच्या दारातून आत वाकले आणि त्यांच्या बाजूच्या नव्या सीटवर आडवी दोन बोटं ठेवून पाहिली.

डाळिंबी कव्हरं मी धुऊन, सुकवून, वरच्या फळीवर घडी घालून ठेवली होती. नातवाला नको होती, जाणकाराला नको होती, म्हणजे ती माझीच असं मी धरून चालले होते. आजींनी विचारलं, "ती टाकलीसा व्हय?" नाही म्हणायला एक क्षण लागला. मग स्टुलावर चढून काढली आणि फोमच्या त्या तुकड्यासकट त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी गोटेवरून अंगठा फिरवला. "माझ्या खाटंवर घालते," म्हणाल्या. "आता लांब कुठं जायचंय?" मला जड गेलं, आई. तुझ्या हातचं तेवढंच होतं. पण ते मापच माझं नव्हतं.

गाडी मोठ्या ट्रकवर चढवून नेली. नातवाला हवा होता त्याहून चांगला भाव मिळाला असं कळलं, आणि मला त्याचा राग आला नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून एक सांगते. तुझा चेहरा मला फोटोमुळे आठवतो, हात तर सुई धरली की आठवतात, पण तुझा आवाज मला आता आठवत नाही. कधी गेला तेही कळलं नाही. वर तुझ्या तोंडी जे घातलंय, ते आजींनी सांगितलं तसं, त्यांच्याच हेलात लिहिलंय. गेल्या रविवारी मी घरात सांगितलं की विट्याला एक माप घ्यायचंय, आणि एसटीनं गेले. माप कसलंच नव्हतं. आजींनीही विचारलं नाही कशाला आलीस. खाटेवर सरकून जागा केली, "बस," म्हणाल्या, आणि बोलत राहिल्या. मी डोळे मिटून ऐकत होते.